एका कागदाच्या दोन वह्या: मोंढा, उचल आणि पुरातून अकाउंटन्सी

बी.कॉम.च्या मुलांना पुस्तकातली गणितं सुटतात, पण हातात मोंढ्यातली (शेतमालाच्या बाजारातली) खरी पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) दिली की नावे (डेबिट) काय आणि जमा (क्रेडिट) काय, इथंच गाडी अडते. यात त्यांचा फारसा दोष नाही. पुस्तकातलं उदाहरण आधीच निवडून, पाखडून दिलेलं असतं: "माल विकला रु. 50,000." खऱ्या पट्टीवर असं वाक्य नसतं. तिच्यावर कापाकापी असते, तारीख पुसट असते, आणि कोण मालक, कोण मध्यस्थ हे कुणी लिहून ठेवत नाही.

सराव असा करा. दोनशे पानी वही घ्या. घरात, शेजारी, दुकानात मिळेल तो कागद निवडा आणि डाव्या पानावर एका पक्षाच्या पुस्तकातली नोंद लिहा, उजव्या पानावर त्याच कागदाची समोरच्या पक्षाच्या पुस्तकातली. एकाचं येणं ते दुसऱ्याचं देणं असायलाच हवं. दोन्ही पानं जुळली नाहीत तर कुठं तरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा चूक आकड्यात नसते. तारखेत किंवा मालकीत असते. दुसऱ्याचा कागद घेताना विचारून घ्या, आणि नाव, खाते क्रमांक, मोबाइल नंबर वहीत उतरवू नका. बातम्यांनाही हाच नियम लावा: बातमीतली रक्कम कोणाच्या पुस्तकात, कोणत्या तारखेला जाईल?

मोंढ्यातली पट्टी

समजा सोयाबीनची पट्टी अशी आहे: 12 क्विंटल, भाव 4,350, रक्कम 52,200. हमाली-तोलाई 240. पेरणीच्या वेळी आडत्याकडून (माल विकून देणाऱ्या दलालाकडून) घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) 15,000, तिचं व्याज 600. हातात आले 36,360.

दहातले आठ जण "रोख खाते नावे, विक्री खाते जमा 36,360" लिहून मोकळे होतात. विक्री 52,200 चीच आहे. शेतकऱ्याच्या पुस्तकात रोख 36,360, हमाली-तोलाई 240, आडत्याचे खाते 15,000 आणि व्याज 600 नावे पडतील. विक्री 52,200 जमा. उचल फिटली म्हणजे देणं कमी झालं, तो खर्च नाही. व्याज मात्र खर्च.

आता उजवं पान. आडत्याने 52,200 ची विक्री स्वतःची म्हणून दाखवली तर त्याचा ताळेबंद पाहणारा फसेल. तो मध्यस्थ आहे. त्याच्याकडे खरेदीदाराचे खाते नावे, शेतकऱ्याचे खाते जमा. त्याचं उत्पन्न म्हणजे त्याची आडत (दलाली) आणि ते 600 व्याज. हमालीचे 240 त्याच्या हातून जातात, पण ते हमालांचं देणं आहे. आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली की खरेदीदाराकडून घेतली, हे पट्टीवरच तपासा. अंदाजाने लिहू नका.

माल न विकता गोदामात ठेवला तर काय? इथं एक फसवा आकडा दरवर्षी पेपरात येतो, तो म्हणजे हमीभाव. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. समजा एका व्यापाऱ्याने 100 क्विंटल 4,600 ने घेऊन ठेवलं आणि 31 मार्चला बाजारभाव 4,300, विक्रीचा खर्च 50. लेखा मानक 2 (हिशेबाच्या ठरलेल्या नियमांपैकी साठ्याचा नियम) प्रमाणे साठा खरेदी किंमत किंवा निव्वळ वसूल होणारी किंमत, यांपैकी कमी रकमेला दाखवायचा. म्हणजे 4,250 ने, आणि 35,000 चा तोटा याच वर्षी. "हमीभाव 5,328 आहे, मग तोटा कसला?" असा प्रश्न येतो. हमीभावाची सरकारी खरेदी शेतकऱ्याच्या मालाची होते, व्यापाऱ्याच्या साठ्याची नाही. जो भाव या माणसाला मिळूच शकत नाही, तो त्याची वसूल होणारी किंमत कशी होईल? पुढच्या महिन्यात भाव वाढेल ही मोंढ्यातली कुजबुजही ताळेबंदाला चालत नाही.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या पिकाचा साठा मात्र वेगळा. शेतमाल उत्पादकाचा साठा प्रस्थापित पद्धतीप्रमाणे निव्वळ वसूल होणाऱ्या किमतीला मोजला जात असेल, तर तो मानक 2 मधून वगळलेला आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास अडवतो.

उचल: खर्च की येणं?

सालगड्याचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतमजुराचं) साल, म्हणजे वर्षाची मजुरी, पाडव्याला ठरतं. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. या दोन तारखांच्या मधल्या फटीत आगाऊ खर्चाचा अख्खा धडा बसतो.

2025 चा गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि 2026 चा 19 मार्चला. समजा साल 1,20,000 ला ठरलं आणि पाडव्यालाच 50,000 उचल दिली. 31 मार्च 2025 ला खर्च किती? फक्त दोन दिवसांचा. साल पाडवा ते पाडवा, म्हणजे 30 मार्च 2025 ते 18 मार्च 2026, दिवस भरतात 354; सवयीने 365 ने भागू नका. 1,20,000 × 2 ÷ 354 = 678 रुपये. उरलेले 49,322 ताळेबंदात आगाऊ दिलेला खर्च म्हणून येणे बाजूला. सगळे 50,000 मजुरी खर्चात टाकले तर एका वर्षाचा नफा तेवढा दबतो आणि पुढच्या वर्षाचा फुगतो.

ऊसतोडीची उचल याहून अवघड. बीड, धाराशिवकडून टोळ्या जातात तेव्हा कारखान्याच्या पुस्तकात मुकादमाला (टोळीच्या म्होरक्याला) किंवा वाहतूकदाराला दिलेली रक्कम येणं असते. तोडणी होईल तशी ती बिलातून वळती होते आणि तेव्हाच खर्च बनते. हंगाम संपला तरी शिल्लक राहिली तर ते संशयित येणं, त्यावर तरतूद हवी. जुनी उचल वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढलेली दिसली तर तो नफा फुगवलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

उसाचंच दुसरं टोक म्हणजे एफआरपी, कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर. 2025-26 साठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वार्षिक 15 टक्के व्याज. समजा तोडणी-वाहतूक वजा जाता 40 टनांचे 1,08,000 येणं आहे आणि 14 दिवस उलटून वर 60 दिवस झाले. व्याज 1,08,000 × 15% × 60 ÷ 365 = 2,663. कारखान्याच्या पुस्तकात 31 मार्चला मूळ देणं आणि हे व्याज दोन्ही दिसायला हवं. शेतकऱ्याच्या पुस्तकात मूळ रक्कम येणं आहेच. व्याज मिळण्याची खात्री नसेल तर ते उत्पन्नात लगेच घेऊ नये. दोन्ही पानं आरशासारखी जुळत नाहीत अशी ही एक जागा, आणि ती मुद्दाम तशी आहे: देणं आधी धरायचं, उत्पन्न खात्री झाल्यावर.

सप्टेंबर 2025 चा पूर आणि विम्याचा दावा

त्या महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या गावांत शिरल्या, दुकानांमधला माल भिजला. विम्याच्या दाव्याचं प्रकरण शिकायला याहून जवळचं उदाहरण नाही. आकडे समजूतीसाठी घेऊ, सगळे जीएसटी सोडून.

1 एप्रिलचा साठा 6,00,000. पुराच्या दिवसापर्यंत खरेदी 22,00,000, विक्री 25,00,000. नेहमीचा ढोबळ नफा विक्रीवर 12 टक्के. विकलेल्या मालाची किंमत 25,00,000 वजा 3,00,000, म्हणजे 22,00,000. मग पुराच्या दिवशी साठा 6,00,000 + 22,00,000 − 22,00,000 = 6,00,000. वाचलेला माल 90,000. नुकसान 5,10,000.

पॉलिसी मात्र 4,00,000 ची. विम्याची रक्कम साठ्यापेक्षा कमी असली आणि पॉलिसीत सरासरीची अट असली की कंपनी म्हणते, उरलेली जोखीम तुमची तुम्ही घेतली होती. दावा 5,10,000 × 4,00,000 ÷ 6,00,000 = 3,40,000. "नुकसान पॉलिसीपेक्षा जास्त आहे, म्हणजे पूर्ण 4,00,000 मिळतील," असं दुकानदार समजतो आणि विद्यार्थीही तसंच लिहून येतो. उरलेले 1,70,000 नफा-तोटा पत्रकात.

चुका कुठं होतात? पहिली, नफा विक्रीवर की खरेदीवर हे न बघणं. 12 टक्के खरेदीवर असेल तर विकलेल्या मालाची किंमत 25,00,000 ÷ 1.12, म्हणजे 22,32,143, आणि साठा 32,143 ने कमी निघतो. दुसरी, माल आला पण बिल नंतर आलं, ती खरेदी राहून जाते. तिसरी, हलक्या दरात काढून टाकलेला जुना माल नेहमीच्या विक्रीत मिसळतो. तो आधी बाजूला काढा, नाहीतर नफ्याचा दरच चुकतो. चौथी गोष्ट चुकीपेक्षा सवयीची आहे: परीक्षेत आपण लगेच "विमा कंपनीचे खाते नावे" लिहितो, प्रत्यक्षात दावा मान्य झाल्याशिवाय ते येणं म्हणून धरू नका.

आता पुस्तकात सहसा न सापडणारा भाग. नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची विक्रीच्या करातून मिळणारी वजावट) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे मिळत नाही. आधी घेतलं असेल तर परत करायचं. वरच्या 5,10,000 पैकी 3,00,000 चा माल 5 टक्क्यांचा आणि 2,10,000 चा 18 टक्क्यांचा असेल तर 15,000 आणि 37,800, एकूण 52,800 परत. हा तोटा 1,70,000 च्या वर.

आणि इथं त्याच महिन्यातली दुसरी बातमी येऊन मिळते. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. 12 आणि 28 चे टप्पे बहुतांशी गेले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 वर आले. भिजलेल्या साबणावर क्रेडिट 5 टक्क्यांनी परत करायचं की 18 ने? खरेदीच्या वेळी जेवढं घेतलं होतं तेवढंच, म्हणजे 18 ने. वह्यांचं उदाहरण तर आणखी बोलकं: 12 टक्क्यांवरून त्या करमुक्त झाल्या. शालेय साहित्याच्या दुकानदाराने जुन्या साठ्यावर घेतलेलं क्रेडिट त्याला परत करावं लागलं, कारण करमुक्त विक्रीला क्रेडिट नाही. "जीएसटी कमी झाला, दुकानदाराची चांदी" अशी चर्चा कट्ट्यावर चालू होती, तेव्हा त्याच्या पुस्तकात उलट खर्च वाढत होता.

पुराची तारीखही विसरू नका. 31 मार्च 2025 चे हिशेब काहींचे तेव्हा सह्या व्हायचे बाकी होते. टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची मुदत त्या वर्षी वाढवलीही गेली. मग पुराचं नुकसान मार्चच्या ताळेबंदात धरायचं का? नाही. लेखा मानक 4 प्रमाणे ताळेबंदाच्या तारखेला जी परिस्थितीच नव्हती, तिच्यासाठी आकडे बदलत नाहीत. रक्कम मोठी असेल तर ती माहिती द्यायची. धंदाच बंद पडायची वेळ आली असेल तर गोष्ट वेगळी. उलट, मार्चमध्येच अडचणीत असलेला ऋणको (ज्याच्याकडून पैसे यायचे तो) ऑगस्टमध्ये दिवाळखोर ठरला, तर ते मार्चच्या आकड्यात धरायचं.

7 ऑक्टोबर 2025 ला राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. असा आकडा दिसला की तो फोडायची सवय लावा: यात थेट खात्यावर येणारं किती, रस्ते-दुरुस्तीसारखं किती, आधीच ठरलेल्या निकषांचं किती? शेतकऱ्याच्या पुस्तकात घोषणा नोंदत नाहीत. आपत्तीच्या ठरलेल्या निकषात जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 होते; क्षेत्र ठरलं, पंचनामा झाला, मिळण्याची वाजवी खात्री झाली, की मगच लेखा मानक 12 प्रमाणे नोंद. झालेल्या नुकसानीची भरपाई ते उत्पन्न. सौर पंपासारख्या मालमत्तेसाठी मिळालेलं अनुदान मात्र उत्पन्नात टाकायचं नाही. ते मालमत्तेच्या किमतीतून वजा करा किंवा पुढं ढकललेलं उत्पन्न म्हणून वर्षांवर वाटा.

जिनिंगमधला संयुक्त खर्च

कॉस्टिंगसाठी (खर्च मोजायला शिकण्यासाठी) कापूस घ्या. जिनिंग म्हणजे कापसातून रुई आणि सरकी (बी) वेगळी करणं; दोन्हींचा खर्च एकत्रच होतो, म्हणून तो संयुक्त. 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई, 64 किलो सरकी, 2 किलो घट. समजा कापूस 7,200 आणि जिनिंगचा खर्च 200, एकूण 7,400. रुई किलोला 155 ने 5,270 ची, सरकी 36 ने 2,304 ची. नफा 174.

वजनाने खर्च वाटला तर सरकीवर 4,833 पडतात आणि ती 2,529 तोट्यात दिसते. रुई 2,703 नफ्यात. मग मालकाला सरकी फेकून द्यायला सांगायचं का? सरकी न काढता रुई निघतच नाही, त्यामुळे तो तोटा फक्त वाटणीतून तयार झालेला आहे. विक्री मूल्याने वाटा: रुईवर 5,149, सरकीवर 2,251, नफा 121 आणि 53. डाळ मिलला जाल तर चुरी आणि भुशाला आपण वेगळा खर्च लावत नाही, कारण ते उपउत्पादन. त्यांची विक्री डाळीच्या खर्चातून वजा होते. सरकीला तसं का करत नाही, हे स्वतः आकड्याने सिद्ध करून बघा.

वीज बिल घरात आहेच: स्थिर आकार म्हणजे स्थिर खर्च, वीज आकार आणि वहन आकार युनिटप्रमाणे. पिठाच्या गिरणीची बारा महिन्यांची बिलं मिळाली तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वापराचे महिने घेऊन निमस्थिर (काही स्थिर, काही बदलता) खर्च फोडा. फक्त मध्ये दर बदलला असेल तर ती पद्धत फसते. एकाच दराचे महिने घ्या.

बँक जुळवणीसाठी (आपलं पुस्तक बँकेच्या खात्याशी ताडून बघण्यासाठी) किराणा दुकानातला क्यूआर पुरेसा आहे. 31 मार्चच्या रात्री स्कॅन झालेली विक्री काही वेळा 1 एप्रिलला खात्यात पडते. विक्री मार्चची, पैसे वाटेत. ही रक्कम उशिरा जमा होणाऱ्या चेकसारखीच जुळवणीत दाखवा. एप्रिलच्या विक्रीत ढकलली तर जीएसटी विवरणपत्र आणि पुस्तक जुळणार नाही.

त्याच दुकानातल्या उधारीच्या वहीला पुस्तकातला 90 दिवसांचा ठोकताळा लावू नका. गावात उधारी सुगीवर फिटते. जूनची उधारी नोव्हेंबरमध्ये आली तर ती बुडीत नाही. रिझर्व्ह बँकसुद्धा अल्पमुदतीच्या पीक कर्जाला दोन पीक हंगाम थकल्यावरच अनुत्पादक धरते, इतर कर्जांना 90 दिवस. दोन सुग्या गेल्या तरी नाव तसंच असेल तर तरतूद करा.

पतसंस्थेचा अहवाल

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची असते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात अहवाल घरोघरी येतात आणि रद्दीत जातात. दोन सलग वर्षांचे जपून ठेवा. अध्यक्षांचं मनोगत सोडून द्या, सरळ ताळेबंदावर या.

आधी येणे व्याज बघा. समजा व्याजाचं उत्पन्न 2.40 कोटी आणि येणे व्याज वर्षात 90 लाखांनी वाढलं. म्हणजे रोख आलं दीड कोटीच. थकीत कर्जावरचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरलेलं असेल तर समोर, देणी बाजूला, थकीत व्याजाची तरतूद दिसायला हवी. ती नसेल तर लाभांश खऱ्या नफ्यातून वाटला जातोय का, हा प्रश्न उरतो. मग थकबाकीचं प्रमाण, बुडीत कर्जाची तरतूद, ऑडिट वर्ग (लेखापरीक्षकाने दिलेली श्रेणी). वर्ग 'अ' असला म्हणून थांबू नका. लेखापरीक्षकाचे दोष-शेरे वाचा, ते शेवटच्या पानांत बारीक टायपात असतात.

गुंतवणूक आणि बँक शिल्लक ही रक्कम बाहेरून तपासता येणारी असते, तरी फसवणूक नेमकी तिथंही झालेली आहे. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी कबुली दिली तेव्हा पुस्तकातल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. म्हणून लेखापरीक्षक बँकेचं शिल्लक-पत्र थेट बँकेकडून मागवतो, संस्थेच्या हातून आलेलं घेत नाही.

ठेवीदारांना एक गोष्ट जरूर सांगा: बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. आणि या वर्षीच्या अहवालात छापलेला मागील वर्षाचा आकडा गेल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून बघा. फरक निघाला तर बहुधा फेरगट केलेला (आकडा वेगळ्या शीर्षाखाली हलवलेला) असतो, कधी नसतो. घरातल्या सभासदाला तो प्रश्न सभेच्या आधी लेखी द्यायला सांगा, पान क्रमांकासकट.